चालण्याचा वेग आणि वार्धक्य

चालण्याचा वेग म्हणजे सपाट पृष्ठभागावर नेहमीच्या चालीने चालताना व्यक्तीने एका सेकंदात कापलेले अंतर होय. तो मीटर प्रति सेकंद (मी/से) या एककात नोंदवला जातो. १ मी/से म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. वाढत्या वयाबरोबर हा वेग कमी होतो. मात्र तो किती आणि केव्हापासून कमी होतो, हे केवळ वयावर अवलंबून नसते. चालताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, मज्जातंतू, दृष्टी, अंतर्कर्ण आणि मेंदू यांना एकाच वेळी काम करावे लागते. म्हणून यांपैकी कोणत्याही अवयवातील बिघाडाचा परिणाम चालीवर दिसू शकतो. या कारणाने वृद्धांच्या आरोग्याचा एक सोपा निर्देशक म्हणून चालण्याच्या वेगाकडे पाहिले जाते. नाडी, श्वसन, तापमान, रक्तदाब आणि वेदना यांच्या जोडीला ‘सहावे जीवनचिन्ह’ असा त्याचा उल्लेख स्टेसी फ्रिट्झ आणि मिशेल लुसार्डी यांनी २००९ मध्ये केला.

हे मापन करण्यासाठी मोजपट्टी, घड्याळ आणि चार मीटर मोकळी जागा पुरेशी असते. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड व लातूर यांसारख्या मुख्यतः ग्रामीण जिल्ह्यांत तज्ज्ञ डॉक्टर आणि महागडी उपकरणे बहुतांशी शहरांत एकवटलेली असतात. तेथे या साध्या चाचणीला विशेष महत्त्व आहे. याच भागातील फ्लोरोसिस, गुडघ्यांची झीज आणि भूकंपातील जुन्या दुखापती यांमुळे चाल मंदावण्याची कारणे मात्र शोधून पाहावी लागतात.

## चालण्याची क्रिया

एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या कालावधीला चालीचे एक आवर्तन म्हणतात. या आवर्तनात पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर टेकलेला आणि सुमारे ४० टक्के वेळ हवेत असतो. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ तरुणांमध्ये सुमारे २० टक्के असतो. तोल जाण्याची भीती वाटू लागली की हा काळ वाढतो.

वेग दोन गोष्टींवर ठरतो: पावलाची लांबी आणि दर मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या. वृद्धापकाळी पावलांच्या संख्येपेक्षा पावलाची लांबी अधिक घटते. पुढे जाण्यासाठी लागणारा रेटा मुख्यतः पोटरीचे स्नायू घोट्याद्वारे देतात. वयानुसार हा रेटा क्षीण होतो आणि त्याची भरपाई खुब्याभोवतीच्या स्नायूंना करावी लागते.

विशिष्ट अंतर चालण्यास लागणारी ऊर्जा सुमारे १.३ मी/से वेगाच्या आसपास सर्वांत कमी असते. त्याहून फार हळू किंवा फार जलद चालल्यास तेवढ्याच अंतराला अधिक ऊर्जा खर्च होते. त्यामुळे निरोगी प्रौढ व्यक्ती नकळत या वेगाच्या जवळपास चालते. सुमारे २ मी/से वेगाच्या पुढे चालण्यापेक्षा धावणे सोयीचे ठरते. चालण्याच्या यांत्रिकीचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीतील विल्हेल्म व एडुआर्ड वेबर या बंधूंनी १८३६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला होता. वार्धक्यातील आरोग्याचे मोजमाप म्हणून वेगाचा वापर मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला.

## मापनाच्या पद्धती

### चार मीटर चाल

सर्वाधिक प्रचलित चाचणीत चार मीटर अंतर आखून व्यक्तीला नेहमीच्या चालीने चालण्यास सांगितले जाते आणि लागलेला वेळ मोजला जातो. काही पद्धतींत सहा किंवा दहा मीटर अंतर वापरतात. सुरुवातीला वेग घेण्यासाठी आणि शेवटी थांबण्यासाठी जास्तीची जागा ठेवली आहे की नाही, यावर निकालात फरक पडतो. म्हणून पद्धत प्रत्येक वेळी सारखीच ठेवावी लागते. चाचणी सहसा दोनदा घेतात. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्या व्यक्तीला ते साधन वापरू दिले जाते व त्याची नोंद केली जाते.

चार मीटर अंतराला लागणाऱ्या वेळेवरून वेग असा काढता येतो:

| चार मीटरला लागलेला वेळ | वेग | याच वेगाने एक किलोमीटरला लागणारा वेळ |
|---|---|---|
| ३.३ सेकंद | १.२ मी/से | सुमारे १४ मिनिटे |
| ४ सेकंद | १.० मी/से | सुमारे १७ मिनिटे |
| ५ सेकंद | ०.८ मी/से | सुमारे २१ मिनिटे |
| ६.७ सेकंद | ०.६ मी/से | सुमारे २८ मिनिटे |
| १० सेकंद | ०.४ मी/से | सुमारे ४२ मिनिटे |

शेवटच्या स्तंभातील वेळ केवळ गणिती आहे. मंद चालणाऱ्या अनेक व्यक्तींना न थांबता एक किलोमीटर चालता येत नाही.

### संबंधित चाचण्या

* लघु शारीरिक क्षमता चाचणी – जॅक गुरालनिक व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही चाचणी तोल, चालण्याचा वेग आणि खुर्चीवरून पाच वेळा उठणे अशा तीन भागांची असते. एकूण गुण १२ असतात.
* उठा व चाला चाचणी – १९९१ मध्ये मांडलेल्या या चाचणीत खुर्चीवरून उठून तीन मीटर जाणे, वळणे, परत येणे आणि बसणे यांस लागणारा वेळ मोजतात. यात वळताना जाणारा तोलही दिसून येतो.
* खुर्चीवरून उठणे – जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांच्या एकात्मिक काळजीविषयक मार्गदर्शिकेत (२०१९) हातांचा आधार न घेता पाच वेळा उठण्यास १४ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पुढील तपासणी सुचवली आहे.

## वयानुसार होणारा बदल

रिचर्ड बोहॅनन यांनी २०११ मध्ये सहकाऱ्यासह ४१ अभ्यासांतील २३,१११ व्यक्तींच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांत नेहमीच्या चालीचा सर्वाधिक सरासरी वेग ४० ते ४९ वयाच्या पुरुषांचा, सुमारे १.४३ मी/से, आढळला. सर्वांत कमी सरासरी ८० ते ९९ वयाच्या स्त्रियांची, सुमारे ०.९४ मी/से, होती. साठीपर्यंत वेगात फारसा फरक पडत नाही आणि त्यानंतर घसरण ठळक होते, असे सर्वसाधारण चित्र दिसते. कमाल वेग हा नेहमीच्या वेगाच्या आधी घटू लागतो. रस्ता ओलांडताना किंवा बस पकडताना ‘पूर्वीसारखे झपझप चालता येत नाही’ ही तक्रार म्हणूनच प्रथम ऐकू येते.

घट होण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत:

* स्नायूंचे वस्तुमान व बळ कमी होणे. तीव्र स्वरूपाच्या घटीला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात.
* हृदय व फुप्फुसांची कमाल क्षमता घटणे. नेहमीची चाल तरुणाला सहज वाटते, पण तीच वृद्धाच्या उरलेल्या क्षमतेचा मोठा हिस्सा वापरते.
* गुडघे, खुबे व मणक्याची झीज आणि त्यातून होणारी वेदना.
* मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे पायांची संवेदना कमी होणे.
* मोतीबिंदूसारखे नेत्रविकार. खालची जमीन स्पष्ट न दिसल्यास पाऊल आखूड पडते.
* पक्षाघात, कंपवात आणि मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार.
* पूर्वी पडल्यामुळे मनात बसलेली भीती, नैराश्य, तसेच काही औषधांमुळे येणारी सुस्ती किंवा चक्कर.

## आरोग्याशी संबंध

### आयुर्मान

स्टेफनी स्टुडेन्स्की व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात नऊ अभ्यासांतील, ६५ व त्याहून अधिक वयाच्या ३४,४८५ व्यक्तींचा समावेश होता. वेग ०.१ मी/से इतका अधिक असल्यास मृत्यूचा सापेक्ष धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळला. सुमारे ०.८ मी/से वेगाच्या व्यक्तींचे अपेक्षित आयुष्य त्यांच्या वयाच्या व लिंगाच्या मध्यकाइतके होते, तर १ मी/से वा त्याहून अधिक वेगाच्या व्यक्तींचे आयुष्य त्याहून अधिक होते. वय, लिंग आणि वेग या तीनच बाबींवरून केलेला अंदाज अनेक आजारांची माहिती घेऊन केलेल्या अंदाजाइतकाच अचूक ठरला.

त्याच वर्षी सिडनीतील ७० व त्याहून अधिक वयाच्या १,७०५ पुरुषांच्या अभ्यासाने ‘मृत्यू किती वेगाने चालतो?’ असा मिश्कील प्रश्न मांडला. सुमारे ०.८२ मी/से, म्हणजे ताशी तीन किलोमीटर, हे त्याचे उत्तर होते. १.३६ मी/से वा त्याहून जलद चालणाऱ्यांपैकी कोणाचाही त्या अभ्यासाच्या काळात मृत्यू झाला नव्हता.

### दुर्बलता व सार्कोपेनिया

लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वृद्धापकाळातील दुर्बलतेचे पाच निकष मांडले: अनपेक्षितपणे वजन घटणे, थकवा, हाताच्या पकडीचे कमी झालेले बळ, मंद चाल आणि कमी शारीरिक हालचाल. तीन किंवा अधिक निकष लागू झाल्यास व्यक्ती दुर्बल मानली जाते. एक वा दोन लागू झाल्यास ती दुर्बलतेच्या उंबरठ्यावर असल्याचे मानतात. अशा व्यक्तीला साधा ताप, छोटी शस्त्रक्रिया किंवा काही दिवसांचे अंथरूणही कायमचे परावलंबी करू शकते.

सार्कोपेनियाच्या युरोपीय निकषांत ०.८ मी/से ही सीमा धरली जाते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये तीच सीमा स्वीकारली होती. २०१९ मध्ये ती बदलून १.० मी/सेपेक्षा कमी वेग हा मंद मानला गेला. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात ०.४ मी/सेपेक्षा कमी वेग म्हणजे हालचाल घरापुरती मर्यादित, ०.४ ते ०.८ म्हणजे घराबाहेर मर्यादित आणि त्यापुढे मोकळी, असे ढोबळ वर्गीकरण वापरतात.

### मेंदू व बोधनक्षमता

चालताना बोलायचे झाल्यास काही वृद्ध थांबतात. अशा व्यक्तींना पुढे पडण्याचा धोका अधिक असल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले. चालणे वरवर आपोआप होणारे वाटले, तरी त्याला अवधान लागते, हे यावरून लक्षात आले.

जो वर्गीस यांनी २०१३ मध्ये मंद चाल आणि स्मरणाविषयीची तक्रार एकत्र असण्याच्या स्थितीला स्वतंत्र नाव दिले. या स्थितीतील व्यक्तींना पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता अधिक असते. त्यांच्या गटाचे संशोधन केरळमधील कोळिकोड येथेही झाले आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्यांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात ४५ व्या वर्षी ९०४ जणांचा वेग मोजला गेला. मंद चालणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान तुलनेने कमी होते आणि त्यांच्या शरीरात वार्धक्याच्या खुणा अधिक वेगाने दिसत होत्या. त्यांच्या बालपणीच्या बोधनक्षमतेशीही या वेगाचा संबंध आढळला. चालीचा इतिहास साठीनंतर नव्हे, तर त्याच्या फार आधी सुरू होतो, असे या २०१९ च्या निष्कर्षांतून दिसते.

### पडणे

मंद चालणाऱ्यांना घरात पडण्याचा धोका अधिक असतो. परंतु बॉस्टन येथील एका अभ्यासात १.३ मी/सेपेक्षा जलद चालणारे वृद्ध घराबाहेर अधिक वेळा पडल्याचे दिसले. म्हणजेच जलद चाल सर्व धोक्यांपासून संरक्षण देते असे नाही. बाहेर अधिक फिरणाऱ्याला बाहेरचे खड्डे व उंचसखल जागाही अधिक भेटतात.

## भारतातील अभ्यास

जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक सहा देशांच्या अभ्यासात (सेज) भारताचा समावेश होता. भारतातील २००७ ची पाहणी आसाम, उत्तर प्रदेश, कर्नाटक, पश्चिम बंगाल, महाराष्ट्र आणि राजस्थान या सहा राज्यांत झाली. तीत चार मीटर चालीची चाचणी होती. तिचे काम मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पाहिले. पुणे जिल्ह्यातील वढू येथील लोकसंख्या निरीक्षण क्षेत्रातही, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्रामार्फत, पन्नाशीपुढील व्यक्तींच्या आरोग्याची या अभ्यासाशी संलग्न पाहणी झाली.

याच मुंबईच्या संस्थेने हार्वर्ड व दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या सहकार्याने ‘लासी’ हा दीर्घकालीन वार्धक्य अभ्यास हाती घेतला. त्याच्या पहिल्या फेरीत २०१७-१८ मध्ये ४५ व त्याहून अधिक वयाच्या सुमारे ७२,००० व्यक्तींची पाहणी झाली आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्नावलीबरोबरच पकडीचे बळ, तोल आणि चालण्याचा वेळ यांचे प्रत्यक्ष मापन त्यात होते. या पाहणीची रचना राज्यस्तरीय अंदाज देण्यासाठी आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यातील आणि मराठवाड्यातील वृद्ध एकाच सरासरीत मिसळतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते.

## नांदेड व लातूर जिल्ह्यांतील संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूर जिल्ह्याची २४,५४,१९६ होती. दोन्ही जिल्ह्यांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक ग्रामीण भागात राहतात. नांदेडमध्ये १६ व लातूरमध्ये १० तालुके आहेत. किनवट व माहूर हे तालुके नांदेड शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत.

### शेतीतील श्रम आणि सांधे

सोयाबीन, तूर व कापूस ही या भागातील प्रमुख पिके आहेत. खुरपणी उकिडवे बसून किंवा वाकून केली जाते आणि ती मुख्यतः स्त्रियांकडे असते. उकिडवे बसणे, ओझे वाहणे आणि गुडघे दीर्घकाळ दुमडलेले राहणे यांचा गुडघ्यांच्या झिजेशी संबंध आहे. आयुष्यभर कष्ट केलेल्या व्यक्तीची चाल त्यामुळे आपोआप चांगली राहते, असे मानता येत नाही. श्रमाने स्नायूंना बळ मिळते, पण अतिश्रम, अपुरे प्रथिनयुक्त अन्न आणि उपचाराविना राहिलेली सांधेदुखी ते बळ हिरावूनही घेतात.

### फ्लोरोसिस

नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः किनवट परिसरात, भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १.० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावे आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. दीर्घकाळ यापेक्षा अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास प्रथम दातांवर डाग पडतात. पुढे ते हाडांत व अस्थिबंधांत साठून पाठीचा कणा, खुबे व गुडघे ताठर होतात. अशा व्यक्तीची चाल आखूड, वाकलेली आणि मंद होते. तीव्र अवस्थेत मज्जारज्जूवर दाब येऊन पायांतील शक्ती जाऊ शकते.

येथे मंद चालीचा अर्थ बदलतो. पन्नाशीतील एका व्यक्तीचा वेग घसरणे हे तिच्या वार्धक्याचे लक्षण असू शकते. पण एकाच वस्तीतील अनेकांची चाल मध्यम वयातच ताठर झाली असेल, तर तपासणी माणसांइतकीच हातपंपाच्या पाण्याचीही करावी लागते. हाडांतील बदल बहुतांशी परत फिरत नाहीत. म्हणून सुरक्षित पाणी हाच मुख्य प्रतिबंध आहे.

### किल्लारीचा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे १०,००० लोकांचा मृत्यू झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद झोपेतील माणसांवर कोसळले. वाचलेल्यांपैकी अनेकांना पाय, कंबर व मणक्याच्या दुखापती झाल्या. त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेली पिढी आता साठीच्या पुढे आहे. तारुण्यात भरून निघालेली दुखापत स्नायूंचे बळ घटल्यावर पुन्हा चालीत दिसू लागते. म्हणून अशा व्यक्तींच्या तपासणीत जुन्या अपघाताची विचारपूस आवश्यक ठरते.

सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. मूळ गावठाणातील दाट घरे व अरुंद बोळ यांच्या जागी रुंद रस्ते आणि सुटी घरे असलेली, कितीतरी अधिक क्षेत्रावर पसरलेली गावे वसली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल योग्य होता. मात्र शेजारघर, मंदिर, दुकान आणि शेत यांतील अंतर वाढले. ०.५ मी/से वेगाने चालणाऱ्या वृद्धाला ३०० मीटर अंतर कापण्यास दहा मिनिटे लागतात. तेच अंतर १.२ मी/से वेगाने सुमारे चार मिनिटांचे असते.

### आरोग्यसेवा आणि प्रवास

नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या प्रमुख शासकीय संस्था आहेत. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांत साप्ताहिक वृद्ध-बाह्यरुग्ण तपासणी आणि जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांचा कक्ष व भौतिकोपचाराची तरतूद आहे. आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटीच्या तपासणी यादीत ज्येष्ठांना उभे राहताना वा चालताना अस्थिर वाटते का, हा प्रश्न असतो. चार मीटर चालीची वेळ त्याच भेटीत, ओसरीवर किंवा अंगणात, नोंदवता येण्याजोगी आहे.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसमधून ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास करता येतो, तर ६५ ते ७४ वयोगटाला निम्मे भाडे लागते. वस्तीपासून थांब्यापर्यंत चालत जाणे आणि एसटीच्या उंच पायऱ्या चढणे ज्यांना जमते, त्यांनाच या सवलतीचा प्रत्यक्ष लाभ होतो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना काठी, वॉकर, चष्मा, गुडघ्याचा पट्टा यांसारख्या साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये दिले जातात.

## रस्ते आणि सिग्नल

पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना अनेक ठिकाणी १.२ मी/से हा वेग गृहीत धरण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमधील २०१२ च्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील पुरुषांचा सरासरी वेग ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मी/से आढळला. १२ मीटर रुंद रस्ता १.२ मी/से वेगाने दहा सेकंदांत, तर ०.८ मी/से वेगाने पंधरा सेकंदांत ओलांडला जातो. दहा सेकंदांनी सिग्नल बदलल्यास दुसरी व्यक्ती रस्त्याच्या मध्यभागापुढे जेमतेम पोहोचलेली असते. अमेरिकेत २००९ मध्ये हा गृहीत वेग सुमारे १.०७ मी/सेपर्यंत कमी करण्यात आला. पदपथ नसलेल्या वा अडवलेल्या रस्त्यांवर ही अडचण अधिक वाढते.

## वेग टिकवणे व वाढवणे

वाढलेल्या वयातही चाल सुधारू शकते. मारिया फियातारोने व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वृद्धाश्रमातील १०० दुर्बल व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात दहा आठवड्यांच्या बलवर्धक व्यायामाने चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतील ‘लाइफ’ या प्रयोगात (२०१४) ७० ते ८९ वयाच्या १,६३५ व्यक्तींचा सरासरी २.६ वर्षे पाठपुरावा झाला. ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण नियमित व्यायाम करणाऱ्या गटात ३०.१ टक्के, तर केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात ३५.५ टक्के होते. व्यायामाने पडण्याच्या घटनांचा दर सुमारे २३ टक्क्यांनी घटतो, असे २०१९ च्या कोक्रेन पुनरावलोकनात आढळले.

उपयुक्त ठरणारे उपाय पुढीलप्रमाणे आहेत:

* मांड्या, पोटऱ्या व खुब्याचे बळ वाढवणारे व्यायाम, उदाहरणार्थ खुर्चीवरून वा ओट्यावरून वारंवार उठणे आणि आधार धरून टाचा उचलणे.
* तोल सांभाळण्याचा सराव.
* झेपेल तसे चालणे. जपानमधील शिन्शू विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीत तीन मिनिटे जलद व तीन मिनिटे सावकाश असे चालतात.
* पुरेशी प्रथिने, तसेच ब-१२ व ड जीवनसत्त्वांची कमतरता असल्यास तिचे उपचार.
* मोतीबिंदू, मधुमेह, रक्तक्षय व सांधेदुखी यांवर उपचार, आणि औषधांचा फेरआढावा.
* पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे आणि घरात पुरेसा उजेड.

मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने चालणे सकाळी लवकर किंवा सायंकाळनंतर सोयीचे असते. छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येणे किंवा चाल अचानक मंदावणे ही लक्षणे असल्यास व्यायामापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे.

## मर्यादा

चालण्याचा वेग हा निर्देशक आहे, निदान नव्हे. तापमापी ताप दाखवते, पण त्याचे कारण सांगत नाही. वेगाचेही तसेच आहे. मुद्दाम जलद चालून चाचणीतील आकडा वाढवल्याने आयुष्य वाढत नाही. संशोधनातील बहुतेक निष्कर्ष सहसंबंध दाखवतात.

पंढरपूरच्या वारीचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. दरवर्षी सत्तरी ओलांडलेले अनेक वारकरी शेकडो किलोमीटर पायी चालतात. त्यांची तब्येत वारीमुळे ठणठणीत राहते, असे म्हणता येईल. पण ज्यांची तब्येत ठणठणीत आहे तेच वारीला निघू शकतात, हेही तितकेच खरे आहे. गुडघे दुखू लागल्याने घरी राहिलेला वारकरी दिंडीत दिसत नाही आणि म्हणून मोजलाही जात नाही. वेग व आयुर्मान यांच्या संबंधातही असे दोन्ही प्रवाह मिसळलेले असतात.

सीमारेषांचाही विचार करावा लागतो. उंची कमी असल्यास पाऊल आखूड पडते, त्यामुळे एकच आकडा सर्व लोकसमूहांना सारख्या अर्थाने लागू होत नाही. अनवाणी चालणे, सैल चप्पल, नऊवारी वा सहावारी साडी, शेणाने सारवलेली जमीन किंवा गुळगुळीत फरशी यांमुळेही वेळ बदलतो. परीक्षक समोर असल्याने काही जण नेहमीपेक्षा जलद चालतात. म्हणून ‘रोज चालता तसेच चाला’ अशी सूचना स्पष्टपणे द्यावी लागते. एकाच मापनापेक्षा त्याच व्यक्तीच्या, त्याच जागी, काही महिन्यांच्या अंतराने केलेल्या नोंदी अधिक उपयुक्त असतात. साधारणतः ०.०५ मी/से इतका बदल अल्प पण अर्थपूर्ण आणि ०.१ मी/से इतका बदल ठळक मानला जातो.

## हेही पहा

* वार्धक्य
* सार्कोपेनिया
* फ्लोरोसिस
* संधिवात
* भौतिकोपचार
* १९९३ चा लातूर भूकंप